सुतकातले बारा आकडे

माझा स्वभाव तापट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की बाईने स्वतःला सांभाळून घेतलं. माहेरी पेडण्याला मला मिरसांग म्हणायचे, म्हणजे मिरची. लग्न होऊन डिचोलीला आले तर सासूने दोन महिन्यांत तेच नाव ठेवलं, कुणीही न सांगता. तर सर्वणच्या शिवदास गावस या माणसावर मी पहिल्यांदा ओरडले ते २०१९च्या फेब्रुवारीत, आणि कारण एवढंच की वहीतल्या दोन ओळी रिकाम्या होत्या.

मी एका कॉलेजात भूशास्त्र शिकवते. लेक्चर बेसिसवर, म्हणजे नोकरी आहे की नाही हे दर जूनमध्ये नव्याने कळतं. पीएचडी झाली तर कायमची जागा, नाहीतर असंच. विषय घेतला होता विहिरींच्या पाण्याचा. गावाच्या वरच्या अंगाला एक खाण बंद पडलेली, तिच्या खड्ड्यात तळं साचलेलं. त्या तळ्याचा खालच्या विहिरींशी जमिनीखालून काही संबंध आहे का, ते शोधायचं होतं. त्यासाठी वाड्यावरच्या लहानशा देवळाची विहीर निवडली. रोज सकाळी साडेसहाला कठड्यावरून टेप सोडायचा, पाणी किती खोल आहे ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. मला कॉलेज, घर, लहान मुलगी. रोज जमणं शक्य नव्हतं. शिवदासकाकांना जमत होतं, कारण ते तसेही सहाला देवळात असत.

काका साठीच्या उंबरठ्यावरचे, काटकुळे, मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. त्याच खाणीवर वीस वर्षं पंप चालवला. खाण बंद पडली तशी घरच्या पोफळी बघायच्या, देवळाचं अंगण झाडायचं आणि भटजींना पूजेसाठी विहिरीचं पाणी ओढून द्यायचं, हे त्यांचं काम. अक्षर असं की आमच्या कॉलेजातल्या निम्म्या प्राध्यापकांनी गिरवायला घ्यावं. वर्तमानपत्र शेवटच्या पानावरच्या निविदांपर्यंत वाचायचे आणि मी गेले की विचारायचे, "बाय, ही अल्पमुदतीची म्हणजे कितक्या दिसांची गो?"

त्या फेब्रुवारीत ते सावंतवाडीला एका लग्नाला दोन दिवस गेले होते. मी वही उघडली, रिकाम्या ओळी बघितल्या आणि अंगणातच सुरू झाले. एक दिवस जरी गाळला तरी माझं वर्ष पाण्यात जातं, तुम्हाला जमत नसेल तर सांगा, मी दुसरा माणूस बघते, एकही दिवस रिकामा राहता कामा नये. माझ्या बापाच्या वयाचा माणूस मान खाली घालून उभा होता. "चुकलंय बाय," एवढंच म्हणाले. त्यांच्या पत्नी, सत्यवतीकाकी, आतून चहा घेऊन आल्या. त्यात साखर नेहमीच्या दुप्पट. "घे, तोंड गोड कर," म्हणाल्या. टोमणा कळला, पण चहा प्यायले.

त्यानंतर पाच वर्षं त्या वहीत एकही ओळ रिकामी नव्हती.

आता थिसिसचं सांगते, कारण सगळं रामायण त्यातच आहे. थिसिस लिहायचे दोन रस्ते असतात. एक नेहमीचा, तीनशे पानांचा ग्रंथ. दुसरा, आधी संशोधनाचे पेपर नावाजलेल्या जर्नलांत छापून आणायचे, मग ते एकत्र बांधायचे आणि त्यांना जोडणारं एक प्रकरण पुढे लावायचं. माझं रजिस्ट्रेशन गोव्याबाहेरच्या एका विद्यापीठात होतं, तिथे किमान तीन छापील पेपर लागत. मला वाटलं हाच रस्ता बरा. परीक्षकांनी आधीच तपासलेलं लिखाण, पुन्हा कोण काय बोलणार? माझे गाइड रघुनाथ सर पणजीला राहायचे. ते म्हणाले, "गौरवी, एक लक्षात ठेव. ग्रंथात एखादं प्रकरण लंगडं असलं तर चालून जातं. इथे तीन पायांचं स्टूल आहे." मी हसले होते.

पहिला पेपर साधा होता. दुसऱ्याने माझं नाव झालं.

मे २०२२. देवळाच्या विहिरीचं पाणी दर उन्हाळ्यात खाली खाली जातं. सात तारखेला ते कठड्यापासून सात मीटर चाळीस होतं. आठ तारखेला वहीत होतं चार मीटर नव्वद. एका रात्रीत अडीच मीटर वर, आणि पाऊस म्हणाल तर थेंब नाही. मी फोन केला. "काका, आकडा बरोबर आहे ना?" ते म्हणाले, "बरोबर असा बाय. दोन वेळा टेप घातलंय." एकोणीस तारखेपर्यंत पाणी वरच राहिलं आणि वीसला पुन्हा सात मीटर पंचावन्न.

माझ्या अंगावर काटा आला, आनंदाने. चौकशी केली तर खाणीच्या खड्ड्यावर शेतीसाठी जो पंप चालायचा तो त्याच पंधरवड्यात ट्रान्सफॉर्मर जळाल्यामुळे बंद. म्हणजे उपसा थांबला, तळं चढलं आणि पाणी जांभ्या दगडाच्या भेगांतून थेट देवळाच्या विहिरीत उतरलं. जमिनीखालची वाट सापडली. यापेक्षा सुंदर पुरावा कुठला? जर्नलच्या तपासनिसाने एक प्रश्न विचारला होता: हा चढ अनपेक्षित आहे, लेखिकेने नोंदींची स्वतः खातरजमा केली आहे का? मी लिहिलं, होय. मी तेव्हा सर्वणला गेलेही होते, वहीचे फोटो काढले होते. मनात म्हटलं, हीच खातरजमा.

पेपर छापून आला. वर्तमानपत्रात चार ओळींची बातमीही आली: देवळाच्या विहिरीत खाणीचं पाणी. मी कात्रण फाइलमध्ये लावलं. मग तिसरा पेपर झाला, तो दुसऱ्याच्याच खांद्यावर उभा. २०२४च्या फेब्रुवारीत जोडप्रकरण लिहून संपलं. जूनअखेर सादर करायचं, आणि जुलैत कॉलेजात कायमच्या जागेची मुलाखत. इतकं नीट जुळलं होतं की मला स्वतःचाच हेवा वाटत होता.

आभाराचं पान वाचून दाखवायला मी सर्वणला गेले. पेढे नेले. काका अंगणात कदेलवर, म्हणजे खुर्चीत, बसले होते, काकी जनेलाजवळ, खिडकीशी, सुपारी कातरत होत्या. आभारात मी लिहिलं होतं की श्री. शिवदास गावस यांच्या अखंड नोंदींशिवाय हे संशोधन झालं नसतं. काकांनी 'अखंड' हा शब्द दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, आत काय लिवलंस तां सांग मराठीत. मी दुसरा पेपर सांगायला घेतला. "२०२२च्या मे महिन्यात आठ ते एकोणीस तारखेपर्यंत देवळाच्या विहिरीचं पाणी..."

"खंयची बाव?" काकांनी मध्येच विचारलं. विहिरीला ते बाव म्हणतात.

"देवळाची."

"नाय गो," ते शांतपणे म्हणाले. "त्या दिसांनी आमका सुतक नाय होता? वयनी गेली मां. देवळाच्या बावीक कसो शिवतलंय? आमच्या परड्यातल्या बावीत टेप घातलंय. एक पण दीस रिकामो सोडलंय नाय."

आणि हसले. अभिमानाने.

मला आधी कळलंच नाही. शब्द कळले, अर्थ डोक्यात शिरेना.  मग शिरला. घरामागच्या परड्यातली विहीर देवळाच्या खालच्या अंगाला, पोफळींच्या ओलाव्यात. तिचं पाणी उन्हाळ्यातही चार-पाच मीटरवर असतं. अडीच मीटरचा चढ, जमिनीखालची वाट, जांभ्याच्या भेगा, आंतरराष्ट्रीय जर्नल. सगळं म्हणजे एक सुतक. घरात वहिनी गेली म्हणून एका सज्जन माणसाने देवाची विहीर विटाळली नाही आणि माझी ओळही मोडली नाही.

मी ओरडले. "काका, विहीर बदलली तर सांगायचं नाही? मी फोन करून विचारलं होतं."

"तू आकडो बरोबर काय विचारलंस. आकडो बरोबर होतो."

काकींनी अडकित्ता खाली ठेवला. "त्यांच्यार कित्याक आवाज चढयतंस? तू पेडण्याची मां? तुमच्याकडे पाळनत नाय काय सुतक?"

आणि मग मला आठवलं, आणि ते आठवणं सगळ्यात वाईट होतं. वहिनी गेल्याच्या पाचव्या दिवशी मी समाचाराला याच अंगणात आले होते. काकींनी सवयीने चहाचं विचारलं आणि मी नको म्हटलं होतं, सुतकाचं घर म्हणून. चहा चालला नाही मला त्या घरचा. पण त्याच अंगणात बसून मी देवळाच्या विहिरीच्या नोंदींचे फोटो काढले. सुतकातला माणूस देवळाच्या विहिरीवर जात नाही, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक आहे. माझी आजी तर सोयेर, म्हणजे घरात मूल जन्मल्याचं सुतक, असली तरी देवळाच्या वाटेने वळतही नसे. आणि मी एक क्षणभर विचारलं नाही की काका, मग मोजतं कोण? आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, इथे दळणारी मीच आणि पीठ खाणारीही मीच.

"मग बाबुरावांना सांगायचं होतं मोजायला," मी कसंबसं म्हटलं. बाबुराव म्हणजे शेजारी. काकांना सुतक असलं की भटजींना पाणी तेच ओढून देत.

"बाबुरावाक? तेका आपल्या मोबाइलचो नंबर पाठ नाय."

मी त्यांच्या ओट्यावरच बसले. मग दुसरा विचार डोक्यात आला. गावसांची भावकी मोठी. पाच वर्षांत सुतक एकदाच आलं असेल? मी वही मागितली आणि विचारलं, "काका, असं आणखी कधी केलंत?"

"जेन्ना जेन्ना सुतक, तेन्ना तेन्ना," ते म्हणाले. त्यात लपवण्यासारखं त्यांना काही वाटतच नव्हतं.

मग आम्ही तिघं बसलो आणि गावसांच्या घराण्यातले पाच वर्षांतले जन्म आणि मृत्यू लिहून काढले. आयुष्यात असं काम मी केलं नव्हतं. काकी सांगत होत्या, काका तारीख दुरुस्त करत होते. थोरल्या चुलत्याचं सुतक बारा दिवस, भावकीतल्या शीतलला मुलगी झाली त्याची सोयेर, लांबच्या एका काकाचं तीनच दिवस, तो मुंबईला गेला आणि निरोप उशिरा आला म्हणून. वहिनी, म्हणजे दत्तप्रसादची आई. एक सात महिन्यांचं पोर, त्याची तारीख काकांनीच सांगितली. नऊ प्रसंग निघाले, एक्क्याऐंशी दिवस. पावसाळ्यातल्या दिवसांनी फरक पडत नव्हता, तेव्हा दोन्ही विहिरी काठोकाठ असतात. हिवाळ्यात थोडा. पहिला पेपर बारीक दुरुस्तीने वाचला असता. दुसरा वाचण्यासारखा नव्हता. आणि तिसरा दुसऱ्याशिवाय उभाच राहत नव्हता.

काका विचारत होते, काय झालां गो बाय. मी काही नाही म्हटलं आणि निघाले. पेढ्यांचा पुडा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी पणजीला सरांकडे गेले. बसमध्ये उभी होते, काहीच दिसत नव्हतं, उतरायचं ते एक स्टॉप पुढे उतरले. सरांनी सगळं ऐकलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं आता झापतील, आणि मला झापून घ्यायचंच होतं.

ते म्हणाले, "आणखी कुणाला माहीत आहे?"

 वीस वर्षं या माणसाने आम्हाला सांगितलं होतं की दगड खोटं बोलत नाही, बोलतो तो माणूस. "बारा दिवस, गौरवी," ते म्हणाले. "अठराशेपैकी बारा. पेपर छापलेले आहेत, तपासलेले आहेत. जूनमध्ये सादर कर, मुलाखत दे. डिग्री हातात आली की जर्नलला दुरुस्ती कळव. तुझं वय आता पोरीचं नाही." वाईट हेतूने बोलत नव्हते. माझ्या नोकरीची काळजी त्यांना माझ्याइतकीच होती.

आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. राग यायला हवा होता, आला नाही. मी घरी आले, जेवले, गाढ झोपले. पुढचे पंधरा दिवस मी थिसिसचं बाइंडिंग कुठे करायचं याची चौकशी करत होते. नवऱ्याला, ओंकारला, काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने तोंडाकडे नुसतं बघितलं असतं, आणि ते मला नको होतं.

मनाची समजूत घालायला एक युक्ती काढली. म्हटलं, दोन्ही विहिरी एकाच दिवशी आपण स्वतः मोजू, कदाचित फरक वाटतो तेवढा नसेल. म्हणून मार्चमध्ये एका रविवारी टेप घेऊन थेट देवळात गेले. काकांच्या घरी नाही, देवळात. पाच वर्षांत सकाळच्या वेळी तिथे कितीदा गेले असेन, चारदा? विहिरीच्या कठड्याशी एक निळं पिंप होतं आणि बाबुराव नळाला पाइप लावून ते भरत होते.

"हे कशाला?" मी विचारलं.

"देवाक," बाबुराव म्हणाले. "बावीचा पाणी बंद केलां मां आता. पेपरात इला तेन्नासून. न्हाण नाय, नैवेद्य नाय. कमिटीन ठराव केल्यान."

"कुठल्या पेपरात?"

बाबुरावांना वाटलं मी चेष्टा करते आहे. "तूच लिवलंस मां बाय?"

ते पुढे सांगत गेले. वाड्यावरच्या चार घरांनीही प्यायचं पाणी तिथून न्यायचं सोडलं होतं. उन्हाळ्यात नळाला पाणी नसलं की टँकर यायची वाट बघत होते. वर्षभर. त्या विहिरीला काही झालेलं नव्हतं, खाणीचं पाणी त्यात उतरतं याचा माझ्याकडे बारा आकड्यांपलीकडे पुरावाच नव्हता, आणि ते बारा आकडे दुसऱ्याच विहिरीचे. माझ्यासाठी तो पेपर म्हणजे स्टुलाचा एक पाय होता. माणसं त्यावरून पाणी प्यायची थांबतील हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि शिवदासकाका, इतकी वर्षं त्या देवाला त्या विहिरीचं पाणी घालणारा माणूस, त्यांनीही घागर बाजूला ठेवली होती आणि तरी रोज साडेसहाला माझा टेप सोडत होते. मला एका शब्दाने बोलले नव्हते.

मी तशीच त्यांच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. पेपरात काय लिहिलं, ते का चुकलं, सगळं, न ओरडता. ते ऐकत होते. मी संपवलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे आमची बाव बरी असा?"

"तपासून घेऊ या. पण माझ्या पेपरात तिच्याविरुद्ध जे आहे ते खोटं आहे."

"देवाक तां पाणी चलात?"

"चालेल."

त्यांचा चेहरा असा मोकळा झाला की मला तिथे बसवेना. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं. "आणि तुझां पुस्तक?" मी सांगितलं, दुसरा पेपर मागे घ्यायचा, त्याच्याबरोबर तिसराही जाणार, मग पुस्तक नाही. मुलाखत नाही. काका उठून आत गेले, वही घेऊन आले, माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "माझां नाव घाल. चूक माझी. अडाणी माणूस म्हण." सत्यवतीकाकी म्हणाल्या, "अडाणी कित्याक? तुमी काय अडाणी?" आणि पदर डोळ्यांना लावला. मी त्यांना सांगितलं की जर्नलने मला विचारलं होतं, तुम्हाला नाही, आणि होय मी लिहिलं होतं.

त्याच आठवड्यात मी दोन्ही जर्नलांना लिहिलं. कारणाच्या रकान्यात: लेखिकेने नोंदींची खातरजमा केली नव्हती, केली असल्याचं खोटं कळवलं. सरांनी तीन महिने माझा फोन घेतला नाही. सहलेखक म्हणून त्यांचंही नाव त्या पेपरांवर होतं, त्यांची चाळीस वर्षांची अब्रू मी एका मेलमध्ये पुसली. जुलैत कायमच्या जागेवर दुसरीच मुलगी आली, हुशार आहे, मी तिला प्रयोगशाळेच्या किल्ल्या दिल्या. विद्यापीठाने मला एक वर्ष वाढवून दिलं, नेहमीच्या रस्त्याने ग्रंथ लिहायचा म्हणून, एकाच अटीवर: देवळाच्या विहिरीच्या एका पूर्ण उन्हाळ्याच्या नोंदी नव्याने, सलग आणि तपासलेल्या हव्यात. मार्च ते मे २०२५. एकाही दिवसाचा खंड नको. ही शेवटची संधी.

प्रयोगशाळेत पाणी तपासून घेतलं, कमिटीपुढे उभी राहून चूक कबूल केली. निळं पिंप गेलं. काका पुन्हा घागर ओढायला लागले. पुन्हा मोजायलाही लागले, आणि आम्ही ठरवलं: सुतक किंवा सोयेर आली की त्यांनी मला फोन करायचा, मी डिचोलीहून स्कूटरने दहा मिनिटांत येईन, कारण मी काही गावसांच्या भावकीतली नाही. "रातीचो, पहाटेचो, केन्नाय फोन कर म्हणालंस मां?" काकांनी दोनदा विचारून घेतलं. काकी म्हणाल्या, "आता भाऊबंदांक सांगूक होया, मे महिन्यात कोणी मरा नको, बायचां पुस्तक असा." आम्ही तिघंही हसलो होतो. मार्च पुरा झाला, एप्रिल पुरा झाला. वहीत रोज दोन आकडे, दोनदा मोजलेले, शेजारी सही.

नऊ मेला सकाळी सहाला पाच मिनिटं कमी असताना फोन वाजला. मी पोदेराकडून पाव घेत दारातच उभी होते.

"बाय, आज तुका येवचा पडात," काका म्हणाले. "आमका सुतक इला."

"कोण गेलं, काका?"

"सत्यवती."

मला वाटलं नावात काही गफलत झाली, त्यांच्या घरात दुसरी कुणी सत्यवती असेल. "कोण?" मी पुन्हा विचारलं.

"आमची. निजेतच गेली, पाचाक उठवूक गेलंय तर..." थांबले. मग त्याच आवाजात, जसे रोज आकडा सांगायचे तसेच म्हणाले, "साडेसहा चुकवू नको. वही बाबुरावान देवळाच्या पायरेर ठेवल्यान. मी हात लावूक नाय."

स्कूटर कशी चालवली ते आठवत नाही. सर्वणच्या तिठ्यावर एक वाट त्यांच्या घराकडे जाते आणि एक देवळाकडे. मी तिथे थांबले. मनात आलं, गेला तो दिवस, गेलं ते पुस्तक, आधी त्या माणसाकडे जा. मग वाटलं, बायकोच्या उशाशी उभ्या असलेल्या माणसाने ज्या कामासाठी फोन उचलला ते मी न करता त्याच्यासमोर कोणत्या तोंडाने उभी राहू? देवळाकडे वळले. पायरीवर वही होती, तिच्यावर दगड ठेवलेला, वाऱ्याने उडू नये म्हणून. टेप सोडला. पहिल्यांदा पाण्याची रेघच दिसेना. पुन्हा सोडला. मग आणखी एकदा. सही केली. त्या वेळी मला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी पेपर मागे घेताना वाटली नव्हती. एका माणसाला मी सहा वर्षांत असं काय करून ठेवलं होतं?

घरी अंगणात पाच-सहा माणसं जमली होती. दाराबाहेर कदेलवर शिवदासकाका बसले होते, एकटेच, दोन्ही हात गुडघ्यांवर. आतून बायकांचं रडणं ऐकू येत होतं. बाबुराव मला बाजूला घेऊन हळू म्हणाले, "पाचापासून हयसर बसलो असा. आत येवक तयार नाय. आधी बायक आकडो घेवन येवन दी, म्हणता."

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. 

त्यांनी वर बघितलं. "कितके?"

"सात पूर्णांक बासष्ट."

"दोन वेळा घातलंस टेप?"

"दोन वेळा, काका."

मग शिवदासकाका उठले आणि आत, काकींपाशी गेले.